शनिवारची रात्र आणि वहीतला शेरा

"ताई, पोरगी सुखरूप आहे कळलं तेव्हा मी दोन घास खाल्ले. सोमवारी वहीत लिहिलेलं वाचून दाखवलं, तेव्हा कुणी कानाखाली मारल्यासारखं झालं."

बोर्डीतल्या एका घराच्या ओट्यावर बसून एक आई मला हे सांगत होती. ती चिकूच्या वाडीत फळं निवडायला जाते. तिची मुलगी म्हणजे त्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. मुंबईला वसतिगृहात राहून ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकत होती. 'होती' म्हणायचं, कारण गेले पाच आठवडे ती घरीच आहे.

तिने केलं काय? जुलैतल्या एका शनिवारी तास संपल्यावर ती चार मैत्रिणींबरोबर एकीच्या घरी वाढदिवसाला गेली. दुपारभर गाणी झाली, भजी तळली, गप्पा झाल्या. चार वाजता पाऊस वाढला. अंधेरीचा सबवे पाण्याखाली गेला, मग गाड्या थांबल्या. मुलीने वसतिगृहात फोन केला. मैत्रिणीची आईही बोलली, "पाणी उतरेपर्यंत मी तिला घराबाहेर पाठवणार नाही." रविवारी गाड्या सुरू झाल्यावर मुलगी परत गेली. सोमवारी वहीत शेरा पडला: 'शनिवारी रात्रभर बाहेर.' वडिलांना बोलावून घेतलं. तो शेरा त्यांच्यापुढे मोठ्याने वाचला गेला. संध्याकाळच्या गाडीने ते मुलीला घेऊन आले.

शेऱ्यात खोटं काहीच नव्हतं. ती रात्रभर बाहेर होतीच. पण त्यात पाऊस नव्हता, बंद पडलेली गाडी नव्हती, तिने केलेला फोन नव्हता, मैत्रिणीची आई नव्हती. उरले तीन शब्द. मुलीच्या बाबतीत त्या तीन शब्दांचा आपल्याकडे एकच अर्थ लावतात. नात्यातल्या एका बाईने तर लगेच स्थळही सुचवलं.

त्याच शनिवारी शेजारच्या घोलवडचा, मुंबईतच शिकणारा एक मुलगाही अडकला होता. त्याने बोरिवली स्टेशनच्या फलाटावर रात्र काढली. सोबत कोण होतं, काय खाल्लं, कुठे झोपला, हे त्याला कुणी विचारलं नाही. तो चहाच्या टपरीवर ती रात्र रंगवून सांगतो आणि ऐकणारे हसतात. पाऊस एकच, रात्रही एकच. त्याचा झाला पराक्रम, तिचं झालं प्रकरण.

मी स्वतः एम.एस.डब्ल्यू. करायला मुंबईला गेले, तेव्हा डहाणूपर्यंत लोकल आलेली नव्हती. ती २०१३ साली आली. शनिवार-रविवारी घरी यायचं तर सगळा वेळ प्रवासातच जायचा, म्हणून आम्ही लांबच्या मुली वसतिगृहातच राहायचो. आमच्या फाटकाला साडेआठला कुलूप लागे. पलीकडच्या मुलांच्या वसतिगृहात अकरानंतरही ये-जा असे. मुसळधार पावसाच्या एका शनिवारी वीज गेली आणि आम्ही सातजणी एका खोलीत मेणबत्ती लावून बसलो. त्या रात्री बीड जिल्ह्यातल्या एका मैत्रिणीने ऊसतोडीला गेलेल्या आपल्या आईबद्दल पहिल्यांदा सांगितलं. स्थलांतरावर मी त्या वर्षी दोन निबंध लिहिले होते, चांगले गुणही मिळवले होते. पण स्थलांतर म्हणजे काय, हे मला त्या रात्री कळलं. म्हणूनच मुलींच्या या गप्पांना कुणी 'टाइमपास' म्हटलं, की मला राग येतो.

गावातली बागायतदाराच्या घरची एक मुलगी अमेरिकेत बोस्टनला शिकायला गेली. २९ जानेवारी २०२२ रोजी, शनिवारीच, तिथे हिमवादळ झालं. एका दिवसात जवळजवळ दोन फूट बर्फ पडला. शहराने आणीबाणी जाहीर केली. तिने मला नंतर फोनवर सांगितलं, "ताई, शनिवारी आम्ही चौघी खोलीत कोंडून. खिचडी केली, पत्ते खेळलो. रविवारी फावडी घेऊन सगळी गल्ली बाहेर आली. पाच महिन्यांत पहिल्यांदा मला वरच्या मजल्यावरची बाई भेटली!" गाडी उभी करायची जागा ज्याने बर्फ उपसून मोकळी केली, तो तिथे घरातली एखादी खुर्ची मांडून ठेवतो आणि शेजारी ती खुर्ची मानतात, हेही तिने हसत सांगितलं. रात्री उशिरा त्या चौघी आजारी मैत्रिणीला औषध द्यायला बर्फातून चालत गेल्या आणि परत आल्या.

तिथे सगळं सोन्याचं आहे, असं मला म्हणायचं नाही. परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला वीसच तास काम करता येतं, भाडं डोक्यावर असतं, एकटेपणा खायला उठतो. पण त्या रात्री ती कुठे होती, याचा शेरा कुठल्याही वहीत पडला नाही. संकटात एकमेकींकडे जाणं तिथे गुन्हा ठरलं नाही. आणि ज्या घरातून ती गेली, त्या घराकडे पैसा आहे. वाडीत चिकू निवडणाऱ्या बाईच्या मुलीला मात्र एका रात्रीची किंमत शिक्षणाने मोजावी लागते, हेही विसरून चालणार नाही.

आता कुणी म्हणेल, "नियम त्यांच्या सुरक्षिततेसाठीच असतात." काळजी खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण त्या शनिवारी मुलीला सुरक्षित कुणी ठेवलं? फाटकाने नव्हे, मैत्रिणीच्या घराने. वेळ गाठायची म्हणून ती कमरेएवढ्या पाण्यातून निघाली असती, तर नियम पाळला गेला असता आणि जीव धोक्यात आला असता. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा असंख्य बायका-मुली अनोळखी घरांतून राहिल्या. त्या माणुसकीचं सगळ्यांनी कौतुक केलं. मग ओळखीच्या घरात राहिलेल्या मुलीवर शेरा का? आणि बंद फाटकाच्या आत धोका नसतोच का? जून २०२३ मध्ये मुंबईत मुलींच्या एका शासकीय वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा तिच्या खोलीत खून झाला. संशय होता तो तिथल्याच पहारेकऱ्यावर.

मुलींच्या सुरक्षिततेचं कारण पुढे करून वसतिगृहात मुलांपेक्षा वेगळे, भेदभाव करणारे नियम लादू नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत म्हटलेलं आहे. दिल्लीच्या विद्यार्थिनींनी त्याच वर्षी 'पिंजरा तोड' म्हणत याच प्रश्नावर आंदोलन उभारलं. तरी किती वसतिगृहांच्या भिंतीवर हा नियम लावलेला दिसतो?

आमच्या बोर्डीला तर हे वेगळं सांगायची गरजच पडू नये. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ इथे आल्या आणि त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, हे त्यांनी या भागात करून दाखवलं. खेळणं, गाणं, चार मुलांत मिसळणं, हेच लहान मुलाचं शिक्षण, हे त्यांनी आम्हाला शिकवलं. अनुताई तर बालविधवा. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य. त्या काळाच्या हिशेबाने त्यांनी घराच्या कोपऱ्यात बसायला हवं होतं. त्या शिकल्या, बाहेर पडल्या, दुसऱ्या एका बाईच्या सोबतीने परक्या मुलखात राहिल्या, म्हणून आमच्या भागात बालवाड्या झाल्या.

आज बोर्डीतली कुठलीही आई तीन वर्षांच्या पोरीला हौसेने अंगणवाडीत पाठवते. "चार पोरांत मिसळली की बोलकी होईल," म्हणते. तीच पोर अठराची झाली की आपण सांगतो, "कॉलेज सुटलं की सरळ खोलीवर." मिसळण्याने तीन वर्षांची मुलगी शहाणी होते आणि अठरा वर्षांची बिघडते, हे कुठलं शिक्षणशास्त्र? मैत्री, वाद, भटकणं, कुणाच्या घरी जेवणं, अडचणीत कुणाला हाक मारायची हे ओळखणं, हाही अभ्यासच आहे. पुढे नोकरीच्या जागी किंवा सासरी प्रसंग आला, तर हाक मारायला तिला कुणीतरी असेल.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पाऊस, पूर, गाड्या बंद, अशा दिवशी 'सुरक्षित जागी थांब आणि कळव' हाच वसतिगृहाचा नियम असावा. थांबलेल्या मुलीची नोंद 'सुरक्षित' अशी व्हावी. मुलामुलींच्या वेळा सारख्या असाव्यात. घरी फोन करायचा तो मदतीसाठी, बदनामीसाठी नव्हे. आणि आपण पालकांनी "कुणाबरोबर होतीस?" विचारण्याआधी "जेवलीस का?" विचारावं.

पुढच्या आठवड्यात मी त्या मुलीच्या वडिलांबरोबर मुंबईला जाणार आहे. शेऱ्याखाली खरी हकिगत लिहून घ्या, एवढीच आमची मागणी आहे. वडील अजून गप्पच असतात, पण यायला तयार झाले आहेत. परवा सुरूच्या बागेतून चालताना मुलीने विचारलं, "ताई, परत गेले तर शनिवारी कुठे जायचंच नाही का?"

मी म्हटलं, "जायचं. छत्री घेऊन जायचं."

मैत्रिणींनो, आपल्या गावातल्या, तालुक्यातल्या मुलींच्या वसतिगृहाची नियमावली एकदा मागून वाचा. मुलांचीही मागा. दोन्ही शेजारी ठेवा आणि काय दिसलं ते आम्हाला कळवा.