दुसरी सिंधुबंदी

मराठी माणसाला समुद्र आवडतो, ही एक सर्वमान्य थाप आहे. त्याला आवडते ती वाळू, भेळ आणि मावळता सूर्य. पाणी घोट्यापर्यंत आले की त्याच्या प्रेमाची हद्द संपते. हाच गृहस्थ केरळात गेला की हाऊसबोटीत रात्र काढतो, व्हेनिसला गेला की गोंडोलात बसून छायाचित्र काढून घेतो, आणि परतल्यावर त्यावर लांबलचक प्रवासवर्णनही लिहितो. पण त्याला म्हणून पाहा, "मुंबईहून मालवणपर्यंत पाण्यातून जाऊ या. वाटेत चार स्नेही आहेत, त्यांच्याकडे डोकावू, रात्री मचव्यातच झोपू." आत्महत्येचे आमंत्रण दिल्यासारखा तो तुमच्याकडे पाहत राहील!

मी गेली चार वर्षे हिवाळ्यात हेच करतो आहे, म्हणून अधिकाराने बोलतो. माझ्या एका मित्राचा बत्तीस फुटी जुना मचवा आहे. मासळीची खण काढून तिथे दोन फळ्या टाकल्या आहेत, एक स्टोव्ह आहे, पिण्याच्या पाण्याची पिंपे आहेत, शीड आहे आणि वाऱ्याने दगा दिला तर इंजीन आहे. बरोबर हर्णैकडचा एक तांडेल असतो. तो समुद्रापेक्षा माझ्या स्वयंपाकाला अधिक भितो. मागच्या खेपेला मुंबईहून मालवणला पोचायला आम्हांला अकरा दिवस लागले. "अकरा दिवस! अहो, गाडीने रात्री निघालो की सकाळी मालवण!" असे एक शेजारी म्हणाले. त्यांचे म्हणणे खरे आहे. फक्त त्या रात्रीत ते कोणाला भेटले, एवढेच मला सांगावे. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, प्रत्येक खाडीवर त्यांचे कोणी ना कोणी आहे. त्या सगळ्यांना त्यांनी झोपेत मागे टाकले. मी अकरा दिवसांत सात घरी जेवलो आणि सहा घरांना मचव्यावर जेवू घातले.

या शेवटच्या वाक्यातच माझे सारे भांडण आहे. आजकाल आपण एकमेकांकडे जातो कधी? लग्नाला आणि तेराव्याला. एरवी पाहुणा आला की यजमानाच्या मनात पहिला प्रश्न उठतो, "याला झोपवायचे कुठे?" आणि दुसरा उठतो, "परतीची गाडी कधीची?" दोघेही बिचारे भले असतात, पण दोन खोल्यांच्या घरात भलेपणाला जागा पुरत नाही. मचव्यावरचा पाहुणा आपले अंथरूण, आपली चूल आणि आपले छप्पर बरोबर घेऊन येतो. तो कोणाची खाट अडवीत नाही. दुपारी तो तुमच्या ओटीवर असतो आणि रात्री तुम्ही त्याच्या फळीवर. कोण यजमान आणि कोण पाहुणा, हे भरतीओहोटीसारखे बदलत राहते.

दाभोळ खाडीच्या आत एका गावी माझे एक स्नेही राहतात. निवृत्त शिक्षक, वय ब्याऐंशी. गाव त्यांना मास्तर म्हणते, मीही म्हणतो. त्यांना मी एवढेच कळवले होते, "मार्गशीर्षातल्या एकादशीला येतो." वेळ कळवायची गरज नव्हती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे कोंकणातल्या जुन्या माणसाला पाढ्यांसारखे पाठ असते. एकादशीला सव्वाआठ, थोडे पुढेमागे. आम्ही पहाटे हर्णैहून मतलई वाऱ्यावर निघालो आणि पाणी भरत असताना खाडीत शिरलो, तो मास्तर काठी टेकून काठावर उभे! त्यांचे घर पाण्यापासून पन्नास पावलांवर आहे. ते बांधले तेव्हा पुढचे दार खाडीकडे होते, कारण माणसे खाडीतून येत. पुढे मागल्या बाजूने रस्ता आला, परसू अंगण झाले आणि अंगण परसू झाले. खाडीकडच्या पायऱ्या करवंदीच्या जाळीने गिळल्या. मास्तरांनी आदल्या दिवशी गडी लावून त्या मोकळ्या करवल्या होत्या.

संध्याकाळी त्यांना आम्ही मचव्यावर घेतले. ते म्हणाले, "काय हो, पाण्याच्या काठी राहतो, पण मी पाण्यावर बसलो त्याला तीस वर्षे होऊन गेली असतील." मुलगे पुण्याला आणि ठाण्याला. ते गणपतीत येतात, तेव्हा खाडी खवळलेली असते. मास्तर रात्री दहापर्यंत बसले. घरी जायला उठेनात.

आता कोणी म्हणेल, ही श्रीमंतांची थेरं आहेत. मुळीच नाहीत! भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोंकणच्या आगबोटीत श्रीमंत किती असत? गिरणीतले कामगार, बाळंतपणाला निघालेल्या लेकी, ट्रंका, फणस आणि कोंबड्या यांनी तो डेक भरलेला असे. हर्णैसारख्या ठिकाणी बोट दूर उभी राही आणि माणसे पडावातून किनारा गाठीत. फार सुखाचा प्रवास नव्हता तो. पण बंदराबंदराला माणसे चढत, उतरत, ओळखी निघत. पुढे 'कोंकण सेवक' आणि 'कोंकण शक्ती' ही नावेही इतिहासजमा झाली, आणि 26 जानेवारी 1998 ला कोंकण रेल्वे पूर्ण मार्गावर खुली झाली, तेव्हा पाण्याची वाट विसरायला आपल्याला एक चांगले निमित्त मिळाले. रेल्वे हवीच होती. पण एक दार उघडल्यावर दुसऱ्याला खिळे ठोकलेच पाहिजेत काय?

"आणि 'रामदास'?" असे लगेच विचारतात. 17 जुलै 1947 ला, ऐन पावसाळ्यात, रेवसला निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेंवर माणसे गेली. त्या दुःखाची थट्टा मी करणार नाही. पण त्यातून निघणारा धडा जुलैचा आहे, जानेवारीचा नाही. मुंबई-गोवा महामार्गावर माणसे मेली म्हणून आपण रस्ता सोडला नाही. 2011 साली त्याचे चौपदरीकरण काढले आणि दहा वर्षे उलटली तरी ते पुरे न झालेले मुकाट्याने सोसले. जी सहनशीलता खड्ड्यांना, ती लाटांना का नाही?

सरकारदरबारी तर वेगळाच खाक्या. एका बंदरातल्या कार्यालयात मला विचारले, "मासळी? माल? उतारू?" मी म्हटले, "मित्राला भेटायला आलो." "होडीने?" त्या गृहस्थांनी वही उलटसुलट केली आणि सांगितले की असा रकाना नाही. रकाना सापडेपर्यंत ओहोटी लागली आणि मचवा गाळात बसला. 2008 च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला करणारे समुद्रातूनच आले. तेव्हा तपासणी व्हावी, कडक व्हावी. पण तपासणीला माणूस या सदराची सोय हवी! शास्त्रीबुवांनी समुद्रयात्रा कलिवर्ज्यात घातली, ती पहिली सिंधुबंदी. तिला निदान पोथीचा आधार होता. या दुसरीला कोऱ्या वहीचा आहे.

नॉर्वेकडे पाहा. त्यांचा समुद्र काही चौपाटीचा नव्हे. तरी 1893 पासून तिथे किनाऱ्याची बोट चालते, बर्गेनपासून किर्केनेसपर्यंत चौतीस बंदरे घेते, आणि ऐन थंडीच्या काळोखातही चालते. आमच्याकडे 2018 साली मुंबई-गोवा आलिशान जहाज निघाले, पण वाटेतल्या खाड्यांवरच्या माणसांना त्याचा उपयोग काय? मला ती झुंबरे नकोत. प्रत्येक खाडीच्या तोंडाशी गाळ उपसून वाट दाखवणाऱ्या खुणा हव्यात, भरतीओहोटीबरोबर वरखाली होणारा लहानसा तरंगता धक्का हवा, गोड्या पाण्याचा नळ हवा, आणि दिवाळीपासून मेपर्यंत आठवड्यातून दोनदा बंदरे घेत जाणारी साधी बोट हवी.

राहता राहिला घरच्या मंडळींचा आक्षेप, की बोट लागते. सकाळी मतलई वाऱ्यावर निघावे आणि दुपारी खारा वारा उठण्यापूर्वी खाडीत शिरावे. निम्मा त्रास तिथेच संपतो. उरलेल्या निम्म्याला आवळकाठी आहे. आंबा घाटात एस. टी.च्या खिडक्यांतून बाहेर आलेली डोकी मी पन्नास वर्षे पाहतो आहे. त्यावरून कोणी कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता बंद केल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.