नाईक-हवालदार कोठून येणार?

पाचाडला जिजाबाईंच्या समाधीवर फुले वाहून पुढारी रायगड चढतात, शिवशाहीच्या फौजेचे गोडवे गातात आणि मोटारी गाठतात. ती फौज कशी बांधलेली होती, हे सभासदाच्या बखरीत नमूद आहे. पायदळात नाईक, त्यावर हवालदार, त्यावर जुमलेदार, मग हजारी; आणि वेतन सरकारातून. यांतील नाईक आणि हवालदार ही पदे भारतीय सैन्यात आजही आहेत. मूठभर जवानांची तुकडी प्रत्यक्ष लढते ती यांच्याच हुकुमावर. असा माणूस परेडच्या मैदानावर सहा महिन्यांत तयार होत नाही; तो वर्षानुवर्षांच्या सहवासातून घडतो.

2022 च्या जूनमध्ये केंद्र सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली. चार वर्षांची नोकरी, प्रशिक्षणाचा काळही त्यातच. कायम होणार जास्तीत जास्त शेकडा 25. उरलेल्यांच्या हाती सुमारे 11 लाख 71 हजार रुपयांचा सेवानिधी, निवृत्तिवेतन नाही. पूर्वी जवान किमान 15 वर्षे सेवा करी आणि निवृत्तिवेतन घेऊन गावी परते. संरक्षणखर्चाला कात्री लागावी, असे समाजवादी पूर्वापार म्हणत आले आहेत. पण कात्री प्रथम चालावी ती शिपायाच्या म्हातारपणावर, हे कोणी म्हटले होते? शिवाय हिशेब म्हणूनही तो कच्चा आहे. शिकवून तयार केलेल्या चारांपैकी तिघांना घरी धाडायचे आणि पुन्हा नव्यांना शिकवायचे, याला काटकसर म्हणत नाहीत. आपल्यातून एकच राहणार हे ज्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, ते एकमेकांचे सोबती होतील की स्पर्धक?

महाड तालुक्याला तर या प्रश्नाचे वेगळे मोल आहे. रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर हे पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार. 1888 मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा सरकारकडे अर्जाची मोहीम चालविली. शेजारच्या मंडणगडातील आंबडव्याचे रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिकले, तेथेच मुख्याध्यापक झाले आणि सुभेदार म्हणून निवृत्त झाले. 1927 मध्ये चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणारे बाबासाहेब त्यांचेच पुत्र. इंग्रजांनी शाळा काढल्या त्या स्वतःच्या सोयीसाठी, यात शंका नाही; साम्राज्याला हुकूम वाचणारा शिपाई हवा होता. पण अक्षर हाती आले, दीर्घ सेवेने माणसे हाताळण्याची सवय जडली आणि निवृत्तिवेतनाने सावकारापुढे ताठ उभे राहण्याचे बळ दिले. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणून पलटणीतला हवालदार गावचा पुढारी झाला.

चार वर्षांनी परतणाऱ्या तरुणाजवळ यांपैकी काय असेल? दीर्घ सेवा नाही, निवृत्तिवेतन नाही. असेल ते बंदुकीचे शिक्षण आणि एक प्रमाणपत्र. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्याच्या फाटकावर कंत्राटी पहारेकरी म्हणून उभे राहायला तेवढे पुरते. कार्यकर्त्यांनी महाड-पोलादपूरच्या वाड्यावाड्यांतून भरतीला गेलेल्या मुलांच्या घरी जावे, त्यांची यादी करावी आणि पंधरा वर्षांची सेवा, निवृत्तिवेतन व पलटणीतच पुढील शिक्षण या मागण्या त्यांच्या आईबापांच्या सह्यांनिशी तहसील कचेरीत दाखल कराव्यात.