हाडांची साक्ष

साक्षीदाराचें म्हणणें ऐकण्यापूर्वीं तो कोणाचें अन्न खातो हें पाहावें, हें व्यवहारांतील शहाणपण सर्वांस ठाऊक आहे. शास्त्राच्या दरबारांतही तें तितकेंच लागू पडतें, असें आमचें मत आहे; आणि त्यासाठीं आम्ही वाचकांस उत्तर ध्रुवाकडील हिमप्रदेशांत नेऊं इच्छितों.

कॅनडाच्या उत्तर किनाऱ्यावर इन्युइट लोकांच्या पूर्वजांचीं ओसाड गांवें आहेत. ह्या पूर्वजांस संशोधक थूली असें म्हणतात. देवमाशांच्या हाडांचा वाशांसारखा उपयोग करून त्यांनीं अर्धवट जमिनींत घरें बांधिलीं. परंतु लेख मागें ठेविले नाहींत. तेव्हां गांवाचें वय उकिरड्यांतील हाडांसच विचारावें लागतें. त्याची युक्ति शिकागो येथील विलर्ड लिबी ह्यांनीं शोधिली. तिजबद्दल त्यांस १९६० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. प्रत्येक प्राणी अन्नावाटे किंचित् किरणोत्सर्गी कार्बन घेतो. मरणानंतर ही आवक थांबते, व असलेला सांठा सुमारें ५,७३० वर्षांत निम्मा होतो. उरलेल्या अंशावरून वय काढितात.

घोटाळा होतो तो येथेंच. समुद्राच्या पाण्यांतील कार्बन जुना असतो. त्यावर पोसलेल्या सीलचें अथवा देवमाशाचें हाड आपलें वय कित्येक शतकें वाढवून सांगतें. गवत व दगडफूल खाणाऱ्या कॅरिबू हरिणाच्या हाडांत हा दोष नसतो. थूली लोक इ. स. १००० च्या सुमारास अलास्कांतून पूर्वेकडे निघाले, असें पूर्वीं मानीत. २००० सालीं रॉबर्ट मॅक्गी ह्यांनीं ह्याविषयीं शंका घेतली. २००८ सालीं फ्रीझेन व आर्नोल्ड ह्यांनीं जमिनीवरील जीवांच्या अवशेषांवरून हें स्थलांतर तेराव्या शतकापूर्वींचें नव्हे, असें प्रतिपादिलें. एका लोकसमाजाचा इतिहास दोन शतकें पुढें सरकला!

कोणी म्हणेल, "मग शास्त्राचा भरंवसा काय धरावा?" आम्हांस नेमकें उलट वाटतें. यंत्रानें कार्बन बरोबरच मोजिला होता; साक्षीदाराची चौकशी मात्र अपुरी राहिली होती. ती उणीव संशोधकांनींच उघड केली, ह्यांतच शास्त्राची प्रतिष्ठा आहे. म्हणून विद्यार्थ्यांस आमचें सांगणें एवढेंच कीं, पुस्तकांत एखादा सन वाचतांना तो कशावरून ठरला हें अवश्य विचारा. आणि पालकांस विनंति कीं, मुलानें असें विचारल्यास त्यास उद्धट समजूं नये.