मांडीवर न घ्यायचा लॅपटॉप

आमच्या भाच्याकडे नुकताच नवा लॅपटॉप आला. साधा नव्हे, गेमिंग लॅपटॉप. मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. ‘अभ्यासालाही हाच लागतो’ हे त्याने घरात पटवून दिले, बहिणीने भिशीचे पैसे काढले, मेव्हण्यांनी हप्ते बांधून घेतले आणि उरलेली भर मामाने घातली. पेढे आणि लॅपटॉप घेऊन स्वारी थेट दवाखान्यातच आली.

पेशंट नव्हते, म्हणून गंमत म्हणून ते यंत्र मी लहान बाळांच्या वजनकाट्यावर ठेवले. २ किलो ४०० ग्रॅम. सोबतचा चार्जर म्हणजे विटेचा तुकडाच, तो ८०० ग्रॅमचा. एकूण ३ किलो २०० ग्रॅम! एवढ्या वजनाचे बाळ जन्मले तर आम्ही बाळंतिणीचे अभिनंदन करतो. एका खांद्यावर पिशवी लटकवून बसला उभ्याने जाणाऱ्या मुलाचे मात्र करवत नाही. पिशवी दोन्ही खांद्यांवर घे, एवढे सांगून त्याला वाटेला लावले. पडदा सुरेख, चित्र लख्ख, बटणांखाली गणपतीच्या आरासीसारखे रंगीत दिवे. यंत्र मला आवडले, हे आधीच कबूल करतो.

माझे मत बदलले ते रविवारी पंचवटीत बहिणीच्या घरी. निफाडचा पारा उतरला की नाशिकची पोरे गोधडीतून बाहेर निघत नाहीत. भाचाही दिवाणावर गोधडी पायावर घेऊन बसला होता आणि गोधडीवर, मांडीवर, ते यंत्र धापा टाकत होते. हात लावून पाहिला. तव्याजवळ हात नेल्यासारखा चटका. कोरोनाच्या काळात घेतलेला बंदुकीसारखा थर्मामीटर बॅगेत होता, तो खालच्या बाजूवर रोखला तर ४८ अंश सेल्सियस.

यात यंत्राचा दोष नाही. साध्या लॅपटॉपचा चार्जर बहुधा ६५ वॉटचा असतो, याच्या चार्जरवर २३० वॉट लिहिले आहे. पूर्वी घरोघरी असलेले १०० वॉटचे पिवळे बल्ब आठवा. तसे दोन बल्ब पेटवून कोणी मांडीवर घेऊन बसेल काय? आत गेलेली वीज जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. ती बाहेर टाकायला पंखे आहेत, पण ते हवा ओढतात खालच्या जाळीतून, आणि ती जाळी गोधडीने बंद. म्हणजे यंत्र गुदमरते आणि माणूस शेकतो.

मागल्या हिवाळ्यात एक कॉलेजचा विद्यार्थी दवाखान्यात आला होता. डाव्या मांडीवर तपकिरी जाळीदार डाग, मासे धरायच्या जाळ्यासारखे. खाज नाही, दुखणे नाही. आईने नायटा समजून महिनाभर मलम चोळले होते. विचारता विचारता कळले की रात्री अंथरुणात मांडीवर लॅपटॉप घेऊन दोन-तीन तास खेळ चालतो. साधारण ४३ ते ४७ अंशांची ऊब, म्हणजे फोड येणार नाही अशी, त्याच जागी रोज मिळत राहिली की कातडी अशी रंगते. या विकाराला लॅटिनमध्ये ‘एरिथेमा अ‍ॅब इग्ने’ म्हणतात, म्हणजे आगीमुळे आलेली लाली. रोग जुनाच आहे. शेगडीजवळ बसणाऱ्या म्हाताऱ्यांच्या नडग्यांवर आणि पोटाशी कांगडी धरणाऱ्या काश्मिरी माणसांच्या अंगावर तो वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. फक्त शेगडी बदलली. २०१० साली स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात १२ वर्षांच्या एका मुलाची हकीकत छापली. तो काही महिने रोज लॅपटॉप मांडीवर घेऊन खेळत असे. डावी बाजू जास्त तापते हे त्याला कळत होते, तरी त्याने बसण्याची तऱ्हा बदलली नाही, आणि डाग डाव्या मांडीवरच उमटले. खेळात मन गुंतले की शरीराची तक्रार ऐकू येत नाही, ती अशी.

घाबरून जाऊ नये. शेक थांबला की डाग बहुधा हळूहळू फिके होतात. वर्षानुवर्षे शेक चालू राहिला तर मात्र ते कायमचे राहू शकतात, आणि क्वचित त्या जागी कर्करोगही उद्भवतो. आमच्या पेशंटने लॅपटॉप टेबलावर ठेवला, मलम बंद केले. तेवढेच औषध.

तरुण मुलांना खासगीत सांगावी अशीही एक गोष्ट आहे. न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रूक येथील डॉक्टरांनी २९ निरोगी तरुणांना तासभर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसवले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात वृषणांच्या पिशवीचे तापमान अडीच अंशांहून जास्त वाढलेले आढळले. त्यातली बरीच वाढ नुसते मांड्या जुळवून बसल्यानेच झाली होती, हेही त्यांनी नोंदवले आहे. त्यातून कोणाला मूल झाले नाही, असे या प्रयोगाने दाखवलेले नाही. पण शुक्रजंतूंना थंडावा लागतो म्हणून निसर्गाने जी व्यवस्था शरीराबाहेर ठेवली, तिच्यावर रोज शेगडी का ठेवावी?

बहिणीची काळजी वेगळीच होती. “दादा, तू डॉक्टर आहेस, तूच सांग त्याला. हे व्यसनच ना?” जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली खेळाच्या विकाराला आपल्या रोगांच्या यादीत जागा दिली आणि ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, हे खरे. पण त्याची व्याख्या कडक आहे. खेळ आवरता न येणे, बाकी सगळ्यापेक्षा तोच वरचढ होणे, नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, आणि हे सर्वसाधारणपणे १२ महिने टिकणे. आठवडाभर नव्या खेळण्याने वेडावलेल्या पोराला हे लेबल चिकटवू नये. मेव्हण्यांच्या डोक्यात पैसे लावायचे खेळही याच गाठोड्यात होते. ते प्रकरण निराळे, त्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने बंदीचा कायदाच केला. भाचा खेळतो तो मोटारींच्या शर्यतीचा. मी फक्त झोपेचे विचारले. रात्री १२ वाजता यंत्र बंद होऊन सकाळी मुलगा स्वतःहून उठत असेल, तर तूर्त माझी तक्रार नाही.

कानांची मात्र आहे. पंखे जोरात फिरू लागले की खेळाचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून हेडफोन, आणि पंख्यावर मात करायला त्याचा आवाज वर, असे हे चक्र आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबल मात्र फक्त ४ तास.

मानेचे दुखणे लॅपटॉपच्या घडणीतच आहे. पडदा आणि बटणे एकमेकांना जोडलेली. पडदा डोळ्यांसमोर आणावा तर हात अधांतरी, हात सुखात ठेवावेत तर मान खाली. उपाय स्वस्त आहे. बारावीच्या गाइडांचा आता उपयोग नाही. त्यांचे दोन गठ्ठे करून लॅपटॉपच्या दोन कडांखाली द्यावेत, म्हणजे पडदा वर येतो आणि खालून हवाही खेळते. बटणांचा वेगळा फळा काही शे रुपयांत मिळतो. यंत्राला लाखाच्या घरात पैसे मोजले आणि टेबल-खुर्चीला काही उरले नाही, हा हिशेब मला मान्य नाही. टेबल-खुर्ची यंत्राच्या किमतीतच धरायला हवी होती, आणि भर घालताना हे मलाही सुचले नाही.

निघताना झाकणाच्या धातूला बोट लागले आणि बारीक झिणझिण्या आल्या. वाडा जुना, भिंतीत दोन छिद्रांचा सॉकेट, त्यात कन्व्हर्टर खुपसून तीन पिनांचा चार्जर लावलेला. म्हणजे अर्थिंगची पिन नुसती शोभेची. “मामा, असं होतंच हो,” भाचा म्हणाला. होता कामा नये. सोमवारी वायरमन येऊन अर्थिंग देऊन गेला. टेबल जुन्या फर्निचरच्या दुकानातून आले, त्याचा एक पाय आखूड निघाला. त्याखाली सध्या पुठ्ठ्याची घडी आहे.