माहेरची नोंद आणि दिल्लीचे हेलपाटे

1969 सालचा जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी उघडून पाहिला असेल. आपण सारे सरकारी नोकर; नियमावल्यांशी आपला रोजचा घरोबा. रजा-प्रवास सवलतीची परिपत्रके आपणांस तोंडपाठ असतात, महागाई भत्त्याचा हिशेब झोपेतही करता येतो. परंतु ज्या कायद्याने आपल्या लेकराच्या जन्मावर सरकारची मोहोर उमटते, त्याची ओळख आपणांस प्रथम होते ती खिडकीपाशी, आणि तीही खिडकीमागच्या माणसाच्या तोंडून. तो जे सांगतो ते बहुधा कायद्यात नसतेच. त्या कचेरीची ती वहिवाट असते. आमचे भांडण या वहिवाटीशी आहे.

मराठी घरांत पहिले बाळंतपण माहेरी करण्याची चाल अजून मोडलेली नाही, आणि ती मोडावी असे आम्हांस मुळीच वाटत नाही. दिल्लीच्या दोन खोल्यांच्या सरकारी निवासात, जेथे शेजारीण प्रेमळ असली तरी तिची भाषा वेगळी, तेथे पहिलटकरणीने दिवस काढण्यापेक्षा तिने कऱ्हाडला किंवा बार्शीला आईजवळ असावे हेच शहाणपणाचे. कायद्याचा दंडक मात्र असा की, जन्म ज्या हद्दीत झाला त्या हद्दीच्या निबंधकानेच त्याची नोंद करावयाची. आईबाप कोठे राहतात याच्याशी नोंदीचा काही संबंध नाही. म्हणजे बाप सरोजिनीनगरात, मूल चार महिन्यांनी दिल्लीत, आणि त्याच्या जन्माची नोंद नगरपरिषदेच्या कचेरीत, किंवा आजोळ खेड्यात असले तर ग्रामपंचायतीत. दिल्लीतच बाळंतपण केले म्हणून सुटका होते असेही नाही. येथे महानगरपालिकेची हद्द निराळी, नवी दिल्ली नगरपालिका परिषदेची निराळी, छावणी मंडळाची निराळी. नोएडा-गाझियाबादच्या रुग्णालयात मूल जन्मले तर राज्य उत्तर प्रदेश, गुरुग्राममध्ये जन्मले तर हरियाणा. घरापासून तासाभराच्या अंतरावर तीन राज्ये, आणि प्रत्येकाची खिडकी वेगळी.

हे अंतर एक वेळ सोसता येईल. नावांचा घोळ सोसवत नाही. आपल्याकडे बारसे बाराव्या दिवशी. रुग्णालयातून आईला सोडतात तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आणि जन्माची वर्दी देण्याचे काम रुग्णालयाच्या प्रमुखाचे असल्यामुळे तो ती लगेच धाडून मोकळा होतो. साहजिकच नोंद होते ती बिननावाची. कायदा करणाऱ्यांस हे ठाऊक होते. म्हणूनच चौदाव्या कलमात मुलाचे नाव मागाहून घालण्याची सोय आहे: एका वर्षाच्या आत विनाशुल्क, त्यानंतर शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. इतकी साधी सोय असता, शाळाप्रवेशाच्या वेळी नावाचा रकाना कोरा निघाला म्हणून ऐन थंडीत दिल्लीहून गावाकडे धावणारे बाप आम्ही दरवर्षी पाहतो.

आईच्या नावाची कथा याहून करुण आहे. माहेरची कुसुम सासरी सुनंदा होते. आडनाव बदलते, मधले नाव बदलते, कधी कधी तिन्ही बदलतात. बाळंतपणाच्या वेळी माहेरचे कोणीतरी रुग्णालयात नाव सांगते ते जुने. नवऱ्याच्या सेवापुस्तकात लागलेले असते ते नवे. दिल्लीच्या कारकुनाला या चालीचा पत्ता नाही. त्याच्या लेखी कुसुम आणि सुनंदा या दोन बायका, आणि मधोमध बापाचे किंवा नवऱ्याचे नाव घालण्याची आपली रीत म्हणजे कागदोपत्री तिसरीच भानगड. त्यात आता भर अशी की, 1 मे 2024 रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नावे शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने लिहावीत, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला आहे. निर्णय उत्तम आहे. नऊ महिने पोटात वागविणारीचे नाव कागदावर यावयास इतकी वर्षे लागली याचीच खंत. पण चार पदरांचे हे नाव दोन रकान्यांच्या हिंदी-इंग्रजी अर्जात कसे बसवावे हे आपल्या दिल्लीकर मुलांच्या बापांना कोण सांगणार?

या घोळाला औषध कायद्यातच आहे. पंधराव्या कलमाने निबंधकाला असा अधिकार दिला आहे की, नोंदीतील चूक सिद्ध झाली तर मूळ नोंदीला हात न लावता त्याने समासात दुरुस्ती लिहावी, खाली सही करावी, तारीख घालावी. किती साधे काम! परंतु सही केली की जबाबदारी येते, म्हणून निबंधक म्हणतो, न्यायालयाचा आदेश आणा, राजपत्रात नाव छापून आणा, प्रतिज्ञापत्र करा. कलम जागेवर राहते आणि अर्जदार दारोदार फिरतो. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी आईच्या नावातील एका ऱ्हस्व-दीर्घापायी, इंग्रजी लिपीतील एका जादा अक्षरापायी, तीन वर्षांच्या उन्हाळी रजा गावाकडच्या कचेरीच्या ओट्यावर घालविल्या. तिथल्या कारकुनाचे म्हणणे, दिल्लीवाल्यांना मराठी वाचता येत नाही याला आम्ही काय करावे? दिल्लीवाल्याचे म्हणणे, 'वहीं से ठीक करवा के लाइए'. दोघांचेही बोलणे आपापल्या परीने बरोबर, आणि दोघांनीही कलम वाचलेले नाही.

सतराव्या कलमाचे तर कोणी नावच काढीत नाही. निबंधकाकडे कोणत्याही जन्माच्या नोंदीचा शोध घेण्याची मागणी करून तिचा दाखला मिळविण्याचा हक्क या कलमाने 'कोणत्याही व्यक्तीला' दिला आहे. आजोबा चालतात, मामा चालतो, टपालाने पाठविलेला अर्जही चालावयास हवा. असे असता बापाने जातीने यावे, आईलाही बरोबर आणावे, मूळ ओळखपत्रे दाखवावीत, हा आग्रह कोठून उगवला? दिल्लीहून दोन रात्रींचा प्रवास करून केवळ तोंड दाखवावयास बोलावणाऱ्या कचेरीला आम्ही इतकेच विचारतो की, हे कोणत्या कलमाखाली, ते लेखी द्या. लेखी मागितल्याबरोबर आग्रह किती लवकर विरघळतो, याचा अनुभव ज्याने त्याने घेऊन पाहावा.

यावर कोणी म्हणेल, ही रडगाणी आता जुनी झाली. सारे काही संगणकावर आले आहे. हे म्हणणारे बहुधा ज्यांची मुले मोठी झाली असे अधिकारी असतात. 2023 साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती 1 ऑक्टोबर 2023 पासून अमलात आली, हे खरे. तिने राष्ट्रीय पातळीवर जन्ममृत्यूंची एकत्रित माहिती ठेवण्याचे काम महानिबंधकांवर सोपविले आणि दाखला नोंदीनंतर सात दिवसांत द्यावा असे ठरविले. पण त्याच दुरुस्तीने त्या तारखेपासून जन्मणाऱ्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नेमणूक या सर्वांसाठी जन्माची तारीख व ठिकाण यांचा पुरावा म्हणून जन्मदाखल्यालाच गादीवर बसविले; आणि फेब्रुवारी 2025 मध्ये पारपत्राच्या नियमांतही, या मुलांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून दुसरा कागद चालणार नाही, असे ठरले. पूर्वी एक कागद चुकला तर दुसरा होता. आता कागद एकच. तेव्हा त्यातील एका अक्षराची किंमत वाढली, आणि अक्षर लिहिणारा माणूस मात्र तोच राहिला. संगणकाने चूक जलद पोचते. ती सुधारण्याचा वेग त्याने वाढविलेला नाही.

जुनी व्यवस्था फार चांगली होती असेही आम्ही म्हणत नाही. महाराष्ट्रात 1 जूनला जन्मलेली माणसे जितकी सापडतात तितकी जगात कोठे सापडणार नाहीत, कारण गुरुजींनी शाळेत नाव घालताना जूनचा पहिला दिवस लिहून टाकला, आणि नोकरीतून निवृत्तही त्याच तारखेच्या हिशेबाने व्हावे लागले. सेवापुस्तकातील जन्मतारीख बदलून मागावयाची तर नोकरीत आल्यापासून पाच वर्षांच्या आत, हा मूलभूत नियमांतील दंडक कित्येकांना सहाव्या वर्षी कळला. अशा गुरुजींच्या मर्जीवर पुन्हा जावे असे कोण म्हणेल?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खोट्या दाखल्यांचा सुळसुळाट झाला असता कचेऱ्यांनी कडक होऊ नये काय? जन्मानंतर वर्ष उलटून गेलेल्या नोंदींना परवानगी देण्याचे काम पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होते. 2023 च्या दुरुस्तीने ते जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आले. त्यानंतर महाराष्ट्रात अशा उशिराच्या नोंदींबद्दल तक्रारी होऊन जानेवारी 2025 मध्ये शासनाने ते दाखले थांबविले, विशेष पथक नेमले, आणि मार्चमध्ये कडक कार्यपद्धती ठरविली. उशिराची नोंद पारखून घ्यावी, यात आमचा वाद नाही. पण वेळेवर, एकवीस दिवसांच्या आत, रुग्णालयाने कळविलेल्या नोंदीची नक्कल मागणारा आणि चाळीस वर्षांनी नवी नोंद मागणारा, या दोघांना एकाच रांगेत उभे करणे हा कडकपणा नव्हे, आळस आहे. पहिल्याच्या बाबतीत शंका घ्यावयाची असेल तर सरकारने स्वतःच्या वहीवर घ्यावी.

या वह्यांविषयी जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. तहसील कचेरीच्या अभिलेखकक्षात 'कोतवाल बुक' नावाची गावोगावच्या जन्ममृत्यूंची जुनी दप्तरे पडून असतात, काही मोडीत. वाळवी आणि ओल यांच्या तडाख्यातून जी वाचली ती वाचली. 2023 साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदींचा शोध घेऊ लागली, तेव्हा हीच दप्तरे सोन्याच्या मोलाची ठरली आणि मोडी वाचणाऱ्यांना शोधून आणावे लागले. नोंद कोणत्या पिढीला कशासाठी लागेल हे लिहिणाऱ्या कोतवालाला कळले नव्हते. त्याने ती लिहिली एवढेच. आजच्या निबंधकाकडून आमची अपेक्षा याहून मोठी नाही.

आमची मागणी स्पष्ट आहे. इंग्लंड आणि वेल्स येथे 1 जुलै 1837 पासून जन्मनोंदणी चालू आहे, आणि त्या साऱ्या नोंदींची प्रमाणित नक्कल एकाच मध्यवर्ती कचेरीकडून घरबसल्या मागविता येते. मूल कॉर्नवॉलमध्ये जन्मले की यॉर्कशायरमध्ये, याची तेथे कोणी चौकशी करीत नाही. आपल्याकडे राष्ट्रीय माहितीसंग्रहाचा कायदा झाला आहे. मग त्या संग्रहात जी नोंद आली तिची प्रमाणित प्रत देशातील कोणत्याही निबंधकाने द्यावी, आणि समासातील दुरुस्तीचा अर्ज राहत्या ठिकाणी स्वीकारून मूळ कचेरीकडे सरकारनेच पाठवावा. बदलीची नोकरी करणाऱ्या लक्षावधी माणसांचे त्याने कल्याण होईल. त्यात मराठी आले, तमिळ आले, बंगाली आले. हे काम मराठी अभिमानाचे नव्हे, म्हणून कदाचित आपल्या मंडळांच्या ठरावांत ते कधी येत नाही. गणेशोत्सवाच्या व्यासपीठावर केंद्रातील मंत्र्यांना आपण श्रीफळ देतो. त्यासोबत यंदा एक निवेदनही द्यावे.

आणि एक गोष्ट तर आजच करण्यासारखी आहे, कारण तिला मंत्री लागत नाही. आपल्याच कचेऱ्यांत बालशिक्षण भत्त्याच्या किंवा कुटुंबाच्या तपशिलाच्या कागदांबरोबर जन्मदाखल्याची 'अलीकडच्या तारखेची' प्रत मागण्याची खोड आहे. जन्मदाखल्याला मुदत असते असे आम्ही कोणत्याही नियमात वाचलेले नाही. जन्म काही दर सहा महिन्यांनी होत नाही. स्वसाक्षांकित प्रती घ्याव्यात असे केंद्र सरकारने 2014 पासून आपल्या खात्यांना सांगितले आहे. ज्या टेबलावर आपली सही चालते त्या टेबलावरून तरी हा शेरा पुढे जाऊ नये. आणि ज्यांच्या घरी येत्या महिन्यांत बाळंतपण आहे त्यांनी रुग्णालयाच्या अर्जात आईचे कोणते नाव, कोणत्या इंग्रजी अक्षरांत लिहावयाचे, हे सेवापुस्तक पाहून एका चिठ्ठीवर लिहून सासुरवाडीस आधीच पाठवावे, आणि बारशाच्या दुसऱ्या दिवशी नाव घालण्याचा अर्ज मामाच्या हाती द्यावा.