एसडब्ल्यूआर चांगला, अँटेना वाईट

नॅनोव्हीएनए आल्यापासून अँटेनाचे मोजमाप कोणाच्याही आवाक्यात आले. पूर्वी क्लबात एखादाच ॲनालायझर असे आणि तो आळीपाळीने सगळ्यांकडे फिरे. आता उपकरण घरोघरी आहे, तरी बॅंडवरच्या गप्पांत आणि आमच्याकडे येणाऱ्या लेखांत एकच आकडा मिरवला जातो: एसडब्ल्यूआर १.१. तो उतरला की अँटेना उत्तम, ही समजूत आता सोडायला हवी.

चाळीस मीटरचा क्वार्टर-वेव्ह व्हर्टिकल घ्या. जमीन आदर्श असेल तर फीडपॉइंटला सुमारे ३६ ओहम येतात, म्हणजे एसडब्ल्यूआर १.४. तोच व्हर्टिकल मुरमाड जमिनीत, मोजकेच रेडियल टाकून उभा केला आणि समजा ॲनालायझरने नेमके ५० ओहम दाखवले. पेढे वाटावेत असा आकडा! पण त्यातले १४ ओहम मातीचे आहेत. १०० वॉटमधले २८ वॉट माती तापवण्यात गेले. रेडियल वाढवत जा, एसडब्ल्यूआर १.४ कडे चढेल आणि सिग्नलही वाढेल.

कोॲक्स तर याहून फसवते. १४५ मेगाहर्ट्झला ३० मीटर आरजी-५८ साधारण ६ डेसिबल खाते. वरचा सोल्डर सुटून अँटेना पार तुटला, तरी जाता-येता १२ डेसिबल गळतात आणि खोलीत बसून मोजणाऱ्याला १.७ च्या आसपास एसडब्ल्यूआर दिसतो. म्हणून जमेल तिथे फीडपॉइंटलाच मोजा. ते शक्य नसेल, तर आधी फ्रिक्वेन्सीची रेंज ठरवा आणि ओपन, शॉर्ट, लोड केबलच्या अँटेनाकडच्या टोकाला लावून कॅलिब्रेशन करा. मोजताना केबल मुठीत धरून पाहा. आकडा हलला, तर केबलची बाहेरची जाळीच अँटेना झाली आहे. फेराइटचा चोक बसवल्याशिवाय पुढे मोजू नका.

ऊर्जा कोणत्या दिशेला जाते, हे मात्र ॲनालायझर सांगूच शकत नाही. त्यासाठी सॉफ्टवेअर हवे. ईझेडनेक २०२२ पासून मोफत आहे. त्यात ७.१ मेगाहर्ट्झचा डायपोल १० मीटर उंचीवर ठेवा: बहुतेक ऊर्जा थेट वर जाताना दिसेल. पुण्याहून नागपूरशी बोलायला हेच हवे. युरोप गाठायचा असेल, तर तार कापत बसण्यापेक्षा उंची वाढवण्याचा विचार करा. मॉडेलची खातरजमा हवेत होते: जो टेलर यांच्या डब्ल्यूएसपीआरवर दोन अँटेना आळीपाळीने, त्याच पॉवरवर चालवा आणि दूरच्या त्याच स्टेशनांचे रिपोर्ट ताडून पाहा.

पुढच्या अंकापासून अँटेनावरच्या प्रत्येक लेखासोबत आर आणि एक्सचे आकडे, केबलचा प्रकार आणि लांबी, कुठे मोजले ती जागा, हे सगळे आम्ही मागणार आहोत. जमिनीवरचा व्हर्टिकल असेल तर मे आणि जुलै, दोन्ही महिन्यांची मापे द्यावीत. सुकी माती आणि भिजलेली माती यांत फरक पडतो. नुसत्या एसडब्ल्यूआरच्या आलेखावर लेख स्वीकारला जाणार नाही.