ऋषीच्या भाजीची बाग

ऋषिपंचमीला कोकणात जी भाजी शिजते ती मुळातच परसातली. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, म्हणजे नांगरल्या शेतातलं काही चालत नाही. कुदळ-खुरप्यानं, आपल्या हातानं लावलेलं तेवढंच पातेल्यात पडतं. अळू, माठाचे देठ, लाल भोपळा, पडवळ, शिराळं, भेंडी, काकडी, मक्याची कणसं. आता रोह्याच्या बाजारात तिचे तयार वाटे मिळतात. ते विकायला बसणाऱ्या बायकांच्या टोपलीत कोकणातलं परसू अजून जिवंत आहे, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण आमच्या वरसे गावात ज्यांच्या दारापुढे चार हात जमीन आहे, किंवा ज्यांच्या गच्चीवर ऊन येतं, त्यांनी यंदा हा वाटा विकत आणू नये, घरीच पिकवावा, असं मला फार वाटतं.

त्यासाठी पंचमीपासून उलटं मोजत यायचं. पडवळ, शिराळं, काकडी यांना फळ धरायला साधारण पन्नास-साठ दिवस लागतात. मृग लागतो 7-8 जूनला. तेव्हा बी टोकलं की श्रावणात वेल मांडवावर असतो आणि गणपतीत फळं लोंबतात. मक्याचं आणि भेंडीचंही तसंच. माठाला मात्र घाई नको, तो महिनाभरात तयार होतो; देठ जाड हवे असतील तर थोडा अधिक वेळ द्यावा. जुन्या बायकांनी हे गणित कागदावर कधी मांडलं नाही, पण त्यांचा एकही वेल पंचमी चुकवत नसे.

वरश्यात खरी अडचण पाण्याची आहे, आणि ती कमी पाण्याची नाही. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. त्यातून आपल्याकडची बरीच नवी घरं भाताच्या खाचरांत भराव टाकून उभी राहिली आहेत. वर मुरूम, खाली चिकट माती. पाणी मुरायला जागाच नाही. अशा जागी खड्डा खणून आळं केलं की आषाढात वेलाच्या मुळाशी डबकं साचतं आणि वेल पिवळा पडून बसतो. म्हणून पावसाळ्यात आळं खोल नको, उंच हवं. वीतभर उंचीचा ढीग करायचा, त्यात जुनं शेणखत, पालापाचोळा आणि मूठभर राख मिसळायची आणि बी माथ्यावर लावायचं. कुंडी असेल तर तळाचं भोक खापरीनं झाकून वर विटेचे तुकडे पसरावेत. कोवळ्या पानांवर तांबडे भुंगेरे येतात, त्यांना सकाळी दवात चाळलेली राख भुरभुरली तरी पुष्कळ आळा बसतो.

वेल मांडवावर गेला की त्याच्याकडे वेळ धरून बघायला शिकावं. भोपळा पहाटे उमलतो, काकडी आणि कारलं सकाळी. शिराळ्याची पिवळी फुलं दिवस कलल्यावर उघडतात. पडवळ तर अंधार पडता पडता उमलतं: पांढरं, कडेला केसांसारख्या तंतूंची झालर असलेलं, रात्रीचे पतंग त्यावर येतात. सुरुवातीला येतात ती सगळी नरफुलं. ती गळायला लागली की लोक घाबरून औषधं फवारतात. काही गरज नसते. मागाहून मादीफूल येतं, त्याच्या देठाशी बोटाच्या पेराएवढं इवलं फळ आधीच असतं. सतत पाऊस असला की मधमाश्या फिरकत नाहीत, मग ते इवलं फळ सडून गळतं. त्या दिवसांत नरफूल खुडावं, पाकळ्या काढाव्यात आणि मधला परागाचा दांडा मादीफुलाच्या तोंडावर हलकेच फिरवावा. भोपळ्याला सकाळी आठच्या आत, शिराळ्याला दिवेलागणीला. दोन-तीन दिवसांत फळ मान खाली घालून फुगायला लागलं की काम झालं. पडवळ लांबायला लागलं की टोकाला सुतळीनं लहानसा दगड बांधावा, नाहीतर ते वेटोळं घेतं.

आणि फळमाशी. ती कोवळ्या सालीत टोचून आत अंडी घालते, मग फळ वाकडं होऊन कुजतं. असं गळलेलं फळ वेलाखाली राहू देऊ नये; अळी तिथेच मातीत जाऊन कोष करते आणि नवी माशी बाहेर येते. ते खोल पुरून टाकावं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं यासाठी रक्षक सापळा काढला आहे. याच विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आपल्याजवळ, किल्ला-रोह्याला आहे. पडवळाची कोकण श्वेता, शिराळ्याची कोकण हरिता, कारल्याची कोकण तारा, काकडीची शीतल या दापोलीच्याच जाती, आपल्या पावसाच्या ओळखीच्या. घाटावरून आलेल्या चकचकीत पुडीच्या आधी या बियांची चौकशी करावी.

ज्यांच्याकडे फक्त गॅलरी आहे त्यांनी हळद लावावी. मे महिन्यात कुंडीत दोन गाठी पुरल्या की श्रावणापर्यंत पातोळ्यांपुरती पानं मिळतात, आणि पान खुडताना हाताला येणारा वास बाजारातल्या जुडीला येत नाही. शेजारी पानओवा, गवती चहा, तुळस. सकाळचं ऊन असेल तर जास्वंदही कुंडीत येते. गणपतीला लाल फूल घरचं असावं. अळू थोड्या सावलीतही भागवून घेतं, सांडपाण्याच्या वाटेवरही. फक्त भाजीत चिंच विसरू नये, त्याच्या पानात सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि ते घशाला खाजतात.

रोह्यात बालपण गेलेले चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून सगळ्यांना ठाऊक आहेत. पण केंब्रिजला ते निसर्गविज्ञान शिकले, आणि तिथलं फ्रँक स्मार्ट पारितोषिक त्यांनी मिळवलं ते वनस्पतिशास्त्रात. कुंडलिकेच्या काठच्या हिरवाईत वाढलेल्या मुलाला पानाफुलांची गोडी लागली यात मला नवल वाटत नाही. आपल्या शाळांतल्या मुलांना फुलाचे भाग फळ्यावर शिकवण्याऐवजी एकदा संध्याकाळी पडवळाखाली उभं करावं.

बियांचं एक सांगायचं राहिलं. पहिल्या तोडीतलं सर्वांत सरळ, निरोगी फळ खायचं नाही, वेलावरच राखायचं. पडवळ पिकून केशरी-लाल होतं. मग गर धुऊन बी सावलीत वाळवावं आणि राखेत घोळून बरणीत ठेवावं. संकरित पुडीच्या बियांवर हा खटाटोप करू नये, पुढच्या वर्षी वेल आईसारखा येत नाही. गावठी किंवा दापोलीची सरळ जात असेल तरच. माझ्याकडे गावठी पडवळाचं आणि लाल माठाचं बी जास्तीचं आहे. वरसे-रोह्यात कुणाला हवं असेल त्यांनी मृगाच्या आत मागून न्यावं, आणि पंचमीनंतर त्यातलं मूठभर शेजारच्या घरी द्यावं.